क्रुसावरची तीन भोकं

नागपूर,
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय प्रेमानंददादा,

सप्रेम जय ख्रिस्त. इकडे सगळे बरे. माझ्या मिनलची परीक्षा आटोपली. वहिनीचे गुडघे कसे आहेत?

येत्या रविवारी आईच्या कबरीवरच्या दगडाची प्रार्थना घ्यायला तू येतो आहेस. दगड बसला. त्यावर तू सांगितलेला वधस्तंभ आहे, पण रिकामा नाही. मी त्यावर येशूची पितळी मूर्ती बसवून घेतली आहे. आधीच कळवते, म्हणजे चारचौघांत तुझा चेहरा पडायला नको.

विश्वनाथ मिस्त्री घाबरला. "ताई, पाळकसाहेबानं तं कोराच सांगितला होता. काहून बसवून राहिल्या?"

मी म्हटलं, "तू बसव. त्यांचं मी पाहते."

तुझं प्रवचन मला पाठ आहे. प्रभू उठला, म्हणून आपला वधस्तंभ रिकामा. मलाही ते पटतं. पण आपण प्रोटेस्टंट असलो, तरी आईचं माहेर कॅथलिक. दुखणं आलं की तिला सोबत सोसणारा येशू लागायचा. दवाखान्यातल्या केरळच्या नर्सच्या गळ्यात टोकांना कळ्या असलेला क्रूस होता. आई तो हातात घेऊन मला म्हणाली, "पाह्य वं, याले तं कळ्या फुटल्या." तिला कुठलाच क्रूस परका नव्हता. परके तू केलेस. तू एकट्याने नाही म्हणा.

मूर्ती कुठली, हे तू विचारणारच. पाळक झालास त्याच आठवड्यात तू घरी आलास आणि आईच्या पलंगामागच्या भिंतीवरच्या क्रुसावरून ती पेचकसाने उचकटलीस. पाळकाच्या घरात मूर्ती शोभत नाही म्हणालास. आई एवढंच म्हणाली, "काढ गा बाबू, पण फेकू नको त्याले. मले दे." पुढे वीस वर्षं तो तीन भोकांचा क्रूस तसाच भिंतीवर राहिला. मूर्ती मला तिच्या शिवणाच्या डब्यात सापडली, एका झबल्यात गुंडाळलेली. झबलं तुझं आहे.

आणखी एक. त्या दिवशी तू चढलास ते स्टूल डगमगत होतं. ते मी धरलं होतं, दोन्ही हातांनी, घट्ट. आईला वर पाहवत नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे बघत होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला त्याची लाज वाटते.

मूर्ती काढायचीच असेल, तर रविवारी पेचकस घेऊन ये आणि सगळ्या मंडळीसमोर काढ. मी दगडापुढून हलणार नाही.

या वेळी स्टूल न धरणारी,
तुझी बहीण
दीपमाला