सत्तेचाळीसच्या शेजारचं पान

८ फेब्रु., शनि.
उणे सतरा. सकाळी ड्राइव्हवे शोव्हल करून फिलोमिना आंटींकडे. रॉबर्ट अंकलना जाऊन दीड वर्ष झालं, आता घर विकून त्या लेकीकडे पश्चिम किनाऱ्यावर बर्नाबीला चालल्यात, २ मार्चची फ्लाइट. अंकलचा नाण्यांचा डबा काही विमानातून न्यायचा नाही म्हणे. त्यातलं काय ठेवायचं, काय विकायचं, ते मी सांगायचं. ओळखीत नाण्यांचा नाद असलेली मी एकटीच.

कुकीजचा डबा, पण उचलायला दोन हात लागतात. अंकल लाँड्रीच्या मशीनमधली नाणी गोळा करायच्या नोकरीत होते. चांदीचं दिसलं की खिशातलं साधं त्यात टाकून ते घरी आणायचे. वसईहून आल्या वर्षापासून.

बेसमेंटमध्ये एकच पिवळा बल्ब. भिंग गाडीत राहिलेलं. परत बूट चढवून बाहेर कोण जाणार. चुंबक मात्र पर्समध्ये होतं. अडुसष्ट सालची क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी तपासली; त्या वर्षी दोन्ही धातूंची निघाली. चिकटलं ते निकेल, नाही चिकटलं ते चांदी. आंटींना गंमत वाटली, पुढची सगळी त्यांनीच लावून पाहिली. चांदीचे डॉलर सात, सगळे मागे होडी कोरलेले. सालं वाचली, उलटेपालटे केले, लेकीला पाठवायला दोन-तीन फोटो काढले. म्हटलं, ‘साधेच आहेत आंटी. चांदीच्या भावाने जातील.’

‘तू म्हणतेस तर तसंच, बाय.’

दुपारी मीच त्यांना सोन्या-चांदीच्या दुकानात घेऊन गेले. सरदारजींनी सगळं एकत्र वजन केलं. आंटी खूश. मीही. कुणाच्या तरी कामी आल्यासारखं.

१२ फेब्रु., बुध.
लंचमध्ये आंटींच्या लेकीला फोटो पाठवायला घेतले. एक झूम केला. १९४७. साताच्या उजवीकडे ठिपका. आणखी झूम. ठिपका नाही, पान आहे.

जेवणाचा डबा तसाच बंद केला. जेवले नाही.

हे नाणं मला माहीत नाही असं कसं म्हणू. मंडळाच्या पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात याच्यावर मीच दहा मिनिटं बोलले होते. भारत स्वतंत्र झाला, राजाच्या बिरुदांतून हिंदुस्थान काढायचा होता, नवे साचे वेळेवर आले नाहीत. म्हणून अठ्ठेचाळीसमध्ये इथल्या टांकसाळीने जुन्याच साच्यावर, सत्तेचाळीसच्या शेजारी, एवढंसं मेपलचं पान कोरून काम चालवलं. डॉलरमध्ये तर फार थोडे निघाले. नागपूरची मी, कॅनडाची नाणी जमवायला लागले ती या एका गोष्टीपायी. अकरा वर्षं अल्बममधली ती जागा रिकामी आहे.

आणि हातात घेऊन ‘साधं’ म्हणाले. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढायचा पगार घेते मी.

फोन करायला घेतला, आंटींचं नाव काढलं, नाही केला. आधी दुकान. वितळवायला माल दर शुक्रवारी जातो म्हणत होते.

१३ फेब्रु., गुरु.
ऑफिसात डेंटिस्टचं सांगून दुकान उघडायच्या वेळेला हजर. सातही डॉलर अजून वितळवायच्या मालाच्या बादलीत. पानवाला एकटाच मागितला तर संशय येईल, म्हणून सातही पैसे भरून परत घेतले.

सरदारजी म्हणाले, ‘मॅडम, बेचने तो आप ही लाई थीं ना?’

‘हाँ जी, आंटी का मन बदल गया।’

किती सहज निघालं तोंडातून. आंटींना तर काही माहीतच नाही.

गाडीत बसून भिंगाने पाहिलं. पानच. इतकं स्वच्छ की हसू यावं. तिथून सरळ आंटींकडे जायचं ठरवलं होतं. पण अकराला मीटिंग होती, आणि… होती खरंच. उद्या जाईन.

१६ फेब्रु., रवि.
दोन दिवस नुसता बर्फ. दार उघडत नाही. निमित्त चांगलं आहे.

अल्बम काढला. नुसतं बघायला म्हणून डॉलर त्या जागेत बसवला. बरोबर बसला, बसणारच. बाकीचे सहा पाकिटात घालून पाकिटावर आंटींचं नाव लिहिलं.

सातवा त्यात घातला नाही. उद्या घालीन.

२० फेब्रु., गुरु.
संध्याकाळी घरी आले तर दाराच्या हँडलला पिशवी. त्यात डबा, डब्यात फुगे, वसईकडचे तळलेले गोल पाव, अजून कोमट. चिठ्ठी: ‘छोकरीसाठी. तू केलंस तेवढं सख्खीनेही केलं नसतं.’ ब्याऐंशीव्या वर्षी त्या बर्फातून चालत आल्या असणार.

माझ्या लेकीने, ईराने, उभ्याउभ्या चार खाल्ले. मी एक तोंडात घातला, पाण्याबरोबर उतरवला. थँक्यूचा फोन केला. त्या अंकलबद्दल बोलत राहिल्या. मी हो हो करत राहिले.

२३ फेब्रु., रवि.
खरं लिहायचं तर इथेच लिहिता येईल.

त्या दिवशीचा फोटो पुन्हा पाहिला. नाण्यावर माझा अंगठा आहे. नख साताच्या अगदी बाजूला. मी सालच वाचत होते. दिवा पिवळा होता, भिंग नव्हतं, हे सगळं खरं. पण काहीतरी खुपलं होतं का तेव्हा? अर्धा क्षण? आणि मी पुढचं नाणं उचललं? आठवायला जाते तसं ते दृश्य बदलतं. कधी पान दिसतं, कधी नाही.

चूक असती तर बुधवारीच सांगितली असती. दहा दिवस घरात ठेवून सांगितलं, तर चोरीच दिसणार. आणि जितके दिवस जातील तितकी जास्त दिसणार.

ईराला सांगितलं, अर्धवट. फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, ‘जस्ट टेल हर, मम्मा. शीज सो नाइस.’

तेच तर.

१ मार्च, शनि.
गेले. घरभर खोके, भिंतीवर फक्त क्रूस उरलेला. पाकिटात सातही घातले होते. दारातच बोलायला सुरुवात केली, नाहीतर परत फिरले असते. दुकान, बादली, सरदारजींना काय सांगितलं, अल्बम, सगळं.

आंटी खोक्यावर बसल्या. मी भिंग दिलं, कुठे बघायचं ते दाखवलं. बराच वेळ पाहत होत्या.

‘एवढुसं आहे,’ म्हणाल्या.

‘हो.’

‘त्या दिवशी दिसलं नव्हतं तुला?’

‘नाही, आंटी.’

‘आणि परत आणलंस कधी?’

‘तेरा तारखेला.’

बोटांवर मोजलं त्यांनी. ‘मी फुगे आणले ते त्यानंतर ना,’ असं विचारतील वाटलं. नाही विचारलं. भिंग पुसून माझ्या हातात दिलं, सात डॉलर रुमालात बांधून पर्समध्ये ठेवले. तू ठेव म्हणाल्या असत्या तर काय केलं असतं, हेही मनात येऊन गेलं. इतकं झाल्यावरही.

मग म्हणाल्या, ‘चहा टाकते. दूध नाही, कोरा चालेल?’

प्यायले. बर्नाबीत बर्फ कमी असतो, त्यावर बोललो.

निघताना दरवेळी दारात उभ्या राहून सांगतात, पोचलीस की फोन कर. आज दारापर्यंत आल्या, सांगितलं नाही. मी घरी येऊन तरी केला. वाजत राहिला. पॅकिंगमध्ये असतील. खोक्यांमध्ये फोन सापडत नसेल.

सकाळी सातला निघणार आहेत. गाडीने सोडायला येऊ का, असं मेसेजमध्ये लिहिलंय. पाठवलाय. अजून वाचलेला दिसत नाही.