गरम, गार आणि तुमचा हात

प्रिय बाबा,

आज सकाळी चहा गाळताना आतल्या खोलीतून तुमचा आवाज आला. "गार!" एवढाच शब्द. मी आईकडे बघितलं. "ऐकलंस?"

"न्हाय," ती म्हणाली. पण कपाकडे गेलेला हात तिनं झटकन मागे घेतला. चहा उकळता होता.

म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेल्यावर एक पावसाळा उलटला. खोली रिकामी आहे, खाटही सुटी करून माळ्यावर टाकलीय. मग बोललं कोण?

आठवतंय ना, पूर्वी तुम्ही टोकाचं काही बोलतच नसायचात! एसटी चालवून दमून घरी यायचात. आई विचारायची, "कालवण तिखट झालं काय?" "बऱ्यापैकी." "दमलाव?" "थोडासा." बाहेर धो धो कोसळत असलं तरी "आहे बेताचा". आई वैतागायची, "कदीतरी एक काय ते सांगा की!"

मग झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, आणि तुमचं ते थोडंसं, बेताचं, बऱ्यापैकी सगळं पुसलं गेलं. राहिली फक्त टोकं, तीही कधी सुलटी, कधी उलटी. गरम पाण्याला गार म्हणायचात. कळवळत असताना "बरं". डॉक्टर म्हणाले, जोडीचे शब्द डोक्यात शेजारी शेजारी असतात, यांना हवा तो सोडून शेजारचा सापडतो. तुम्हालाही चूक कळायची! डावा हात कपाळावर मारून घ्यायचात. मला ते बघवायचं नाही.

मार्ग आईनं काढला. "तोंडानं नको, हातानं सांगा." हात गादीवर म्हणजे काहीच नाही. डोक्याच्या वर म्हणजे फार. तुम्ही हात छातीपर्यंत उचललात, तिथंच जरासा हलवलात, आणि आई रडता रडता हसली. "बऱ्यापैकी!"

शब्दांवर आम्ही विसंबत नव्हतो. हातावर विसंबत होतो. मग त्या सकाळी मी हात का नाही बघितला?

दुखण्याच्या गोळ्या संपल्या होत्या, बोर्लीहून आणायच्या होत्या. दारात रिक्षा थांबली होती. "बाबा, जाऊ का?" मी विचारलं. "जा," तुम्ही म्हणालात. पुन्हा म्हणालात, "जा, जा." मी गेले. परत आले तेव्हा ओटीवर शेजारी जमले होते.

बाबा, तो 'जा' सुलटा होता की उलटा?

निघताना माझी ओढणी अडकली होती. ती सोडवल्याचं मला आठवतं. खाटेच्या कडेतून सोडवली की तुमच्या मुठीतून, ते आठवत नाही! रोज आठवायला बसते. रोज तिथंच अडते.

आई सांगते, शेवटी तिनं विचारलं होतं, "किती दुखतंय?" तुमचा हात गादीवरच राहिला. "काय दुखत नवतं त्यांना," असं ती सगळ्यांना सांगते. पण हात उचलायचं बळच उरलं नसेल तर? काहीच दुखत नसतं तरी हात तिथंच असता, आणि सोसवत नसतं तरी तिथंच. हे मी तिच्यापुढे कधी बोलले नाही.

तुमचा रागही येतो. गोळ्या येईपर्यंत तरी थांबायचं होतंत!

आज मात्र चहा तसाच ठेवून मी विचारलंच, "आई, मी थांबायला हवं होतं का गं?"

तिनं कपावरची साय बोटानं बाजूला केली. मग म्हणाली, "तू गेलीस तर गोळी येनार व्हती. थांबलीस तर तू असनार व्हतीस. त्यांना दोनी पायजे व्हतं, बाय. कुठलं जास्त, ते त्यांना तरी कुठं ठावं व्हतं?"

भिंतीचा आधार घेत ती उठली. गुडघा धरून क्षणभर तशीच उभी राहिली. "दुखतोय?" मी विचारलं. "न्हाय. बरी हाय मी," म्हणत आत गेली. तुमच्या खोलीत. दार तिनं लोटून घेतलं.

बाबा, तुम्हाला एक शब्द देते. तिच्या 'बरी हाय'वर मी यापुढे घराबाहेर पडणार नाही. किती, ते विचारीन. ती टाळेल, चिडेल, विषय बदलेल. मी तिच्याजवळ बसून राहीन, ती सांगेपर्यंत.

तुमचीच,
सुजाता