लचकला नाही, ठकू

प्रिय ठकू,

कॉलेजातून आल्यापासून या पत्राशी झटापट चाललीय. दोन ओळी लिहिते, उठते, चहा टाकते, तो उतू जातो, ओटा पुसते, परत येऊन बसते. शरीररचना शिकवण्यात केस पिकलेल्या तुझ्या आत्याला एका गुडघ्याने बेजार केलंय, हे विद्यार्थ्यांना कळलं तर चांगलीच टर उडवतील माझी.

फोनवर तू बोलूच देत नाहीस. गुडघा लचकलाय नुसता, म्हणतेस आणि विषय संपवतेस. आपल्या घरात सगळं लचकतंच. तुझा बाबा शिडीवरून पडला तेव्हा त्याचाही हात लचकलाच होता, प्लास्टर चढेपर्यंत!

आज वर्गात नेमका गुडघाच होता. दोन कडांना दोन बंध आणि आत, सांध्याच्या मधोमध, एकमेकांवर फुली मारून गेलेले आणखी दोन. त्यातला पुढचा नडगीला पुढे सटकू देत नाही, वळताना पाय सावरतो. आतल्या कडेचा बंध थोडाफार फाटला तर विश्रांतीने जुळून येतो. फुलीतला पुढचा पुरता तुटला, की सहसा आपला आपण जुळत नाही. एका मुलीने विचारलं, मग माणूस चालतो कसा? चालतो की, सरळ पळतोसुद्धा, असं म्हणाले आणि तास तिथेच आवरला.

कारण तूही तुझ्या फुटबॉलच्या प्रशिक्षकांना सरळच पळून दाखवलंस ना! सूज उतरली म्हणजे गुडघा बरा झाला, असं तुलाही वाटलं आणि त्यांनाही. पण माझ्याकडे आलीस तेव्हा जिना उतरताना तुझा हात कठड्यावरून सुटत नव्हता. मग तुला पलंगावर गुडघे दुमडून निजवलं आणि नडगी धरून हलकेच ओढून पाहिली. उजवी जागच्या जागी अडली. डावी टेबलाच्या खणासारखी पुढे आली. तुझा चेहरा पडला, आणि लगेच हसून म्हणालीस, रविवारचा अंतिम सामना होऊ दे, मग बघू. निवड समिती येणार आहे, या दिवसासाठी तू किती घाम गाळलायस, सगळं मला दिसतं ग. पण फुटबॉलमध्ये बचावपटूला सरळ पळायला कोण देतं? एकदा गर्रकन वळलीस, की दोन हाडांमधल्या मऊ गाद्याही फाटायच्या. मग खेळाचं सोड, जिनेसुद्धा जड होतील तुला. माझा जीव थाऱ्यावर नाही.

त्या दिवशी निघताना दारात तू मला तुझ्या गळ्याची शपथ घातलीस, प्रशिक्षकांना अवाक्षर सांगायचं नाही म्हणून. मी मान डोलावली. आज वर्गातून निघाले ती थेट त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगून आले. रविवारी ते तुला उतरवणार नाहीत. उद्या सरावाला गेल्यावर तुला त्यांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवून जातेय. रागाव, वाटेल ते बोल, बोलणं टाक. शपथेने कुणाच्या गळ्याला काही होत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी छातीत धडधडतंय. तेवढं एकदा मोठ्याने ‘सुटली’ म्हण, ठकू. मला ऐकू नाही आलं तरी चालेल.

तुझीच, तू नको म्हणालीस तरी तुझीच,
आत्या