बंदराच्या ठरावाआधीचे पाच दिवस

३ मार्च, सोमवार

लहान देशाच्या सभासदांनो, आपल्या बंदराचा नकाशा आधी परक्यांच्या टेबलावर उलगडतो, मग आपल्या! — शुक्रवारचं भाषण असं सुरू करायचं. ठराव आहे बंदर उत्तरेच्या महासत्तेला नव्व्याण्णव वर्षं देण्याचा. नाही दिलं तर दक्षिणेची महासत्ता टपलेलीच आहे. मी म्हणणार, दोघांनाही नाही. दोघांशी व्यापार करू, किल्ली कुणालाच नाही. चार-पाच मतं माझ्या बोलण्याने फिरतील. म्हणूनच भाषण फक्त या वहीत. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात.

समोरच्या घरात राहणारे बंदरमंत्री गेल्या वर्षी उत्तरेच्या बाजूने उघड बोलले. अर्धी दाढी झाली असताना दार उघडायला गेले, ते गेलेच. त्यांचा चष्मा अजून खिडकीत आहे. आमच्या स्वयंपाकघरातून दिसतो.

४ मार्च

उत्तरेच्या राजदूतांकडे चहा. साखर किती, असं विचारता विचारता म्हणाले, "नकाशा आधी तुमच्या टेबलावर उलगडला तर चालेल ना?"

दोन चमचे, म्हणालो.

५ मार्च

सचिवालयाच्या लिफ्टमध्ये दक्षिणेच्या वकिलातीतल्या बाई. दोघंच होतो. माझं पहिलं वाक्य त्यांनी मला म्हणून दाखवलं. अक्षरन् अक्षर. हसल्या नाहीत, मजला आल्यावर उतरल्या.

घरी येऊन बायकोला सांगितलं. म्हणाली, तुम्ही झोपेत भाषणं करता, गल्ली पाठ करते.

६ मार्च, सकाळ

ठरलं. उद्या सभागृहात जात नाही. छातीत दुखतंय.

६ मार्च, संध्याकाळ

वरचं खोटं. मुद्दाम लिहिलं होतं.

चार वाजता उत्तरेकडून फुलं — लवकर बरे व्हा. सव्वाचारला दक्षिणेकडून, तीच फुलं, तोच मजकूर. बायको दोन्ही गुच्छ घेऊन बसली. एक जरा उंच होता. कात्रीने त्याचे देठ कापत गेली, दुसऱ्याइतका होईपर्यंत. मग टेबलाच्या दोन टोकांना दोन फुलदाण्या.

तेव्हा समजलं. तिचे हात बघत उभा राहिलो. विचारलंच शेवटी.

नाकारलं नाही. मंत्री गेले त्या आठवड्यात दोन्हीकडून माणसं येऊन बसली होती, म्हणाली. कपाटाची दुसरी किल्ली तेव्हाच करून घेतली.

"दोघांनाही तेच देते. एक ओळ कमी नाही की जास्त नाही. म्हणून तुम्ही अजून घरी येता."

वीस वर्षं व्यासपीठावरून घसा फोडून जे धोरण सांगत आलो, ते ही माझ्याच घरात चालवते आहे. माझ्यावर! रागवायला गेलो, तर नजर तिच्या मागे गेली. खिडकी. चष्मा.

७ मार्च, शुक्रवार

अगं, निघतोय. वही टेबलावर उघडीच ठेवली आहे. आज दोघांनाही एवढंच कळव — भाषण होणार आहे, आणि मी दुपारी जेवायला घरी येणार आहे.