उद्धवराव खाली यायला तयार नाहीत

चाकण,
रविवार, दुपार

सौ. कुसुमताईस,

निरंजनचा नमस्कार. भावजींचा गुडघा आता कसा आहे? जिंतूरला ऊन तापू लागलं असेल, भावजींना गच्चीवर चढू देऊ नकोस. मी खुशाल आहे. (फोनऐवजी पत्र अशासाठी, की फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो. आज उलट व्हायला हवं.)

भावजींच्या ओळखीतून तू इथल्या निघोजे गावच्या उद्धवरावांच्या मुलीचं, तनुजाचं, स्थळ काढलंस, 'मुलगा विमान शिकवतो' असं त्यांना कळवलंस, इथपर्यंत ठीक. पण कुठलं विमान ते सांगितलं नाहीस. माझं मायक्रोलाइट म्हणजे वर कापडी पंख, खाली तीन चाकं, पाठीमागे पंखा आणि मध्ये एकामागे एक दोन माणसं. दार नाही, खिडकी नाही, हवाई सुंदरी तर नाहीच. गेल्या मंगळवारी पहाटे (वारा उठायच्या आत शिकवणी उरकावी लागते) धोतर-टोपीतले एक भारदस्त गृहस्थ धावपट्टीवर आले आणि म्हणाले, "एक चक्कर मारायची हाय." नियमाप्रमाणे मी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं, टोपी काढून घेतली आणि धोतरावरूनच माझा उड्डाणाचा सूट चढवला. तो पोटावर येऊन अडला. होणाऱ्या सासऱ्याचं असं स्वागत आपल्या खानदानात कुणी केलं नसेल. पण हे सासरे, हे मला ठाऊक कुठे होतं?

दोन हजार फुटांवर हेडफोनमध्ये आवाज आला, "गावाकडं शेती किती हाय?" वाटलं, भीती घालवायला बोलताहेत. मी सांगितलं. मग नोकरी कायमची का, दारू घेता का, आईवडील कुणापाशी असत्यात, अशी सरबत्ती सुरू झाली, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की हे तुझे उद्धवराव. ताई, जमिनीवर असतो तर चहा सांगतो म्हणून सटकलो असतो. इथे जाणार कुठे?

आणि मग त्यांचं लक्ष खाली गेलं. खाली धुकं होतं. कारखान्यांची निळी छपरं त्यातून तेवढी वर आली होती, आणि रात्रपाळी सुटलेल्या बसगाड्या दिवे लावून सावकाश चालल्या होत्या. इंद्रायणी कुठे दिसत होती, कुठे नुसती असावी असं वाटत होतं. मी इंजिन अगदी बारीक केलं. नुसता वारा. बऱ्याच वेळाने उद्धवराव हळूच म्हणाले, "ती आमची विहीर. पोरपणी तिच्यात उताणं पडून ऱ्हायचो, तवा असंच हलकं वाटायचं." आणि मग, "मास्तर, एवढ्यात खाली नका नेऊ."

नाही नेलं. (खालून आमचे साहेब रेडिओवर तीनदा ओरडले. एकदा तरी मी ऐकलं असावं.) शेवटी उतरलो तोवर वारा उठला होता. पट्टी संपली तरी आम्ही संपलो नाही, आणि थेट शेजारच्या कोथिंबिरीत जाऊन थांबलो. लागलं कुणाला नाही. मला मात्र लेखी समज मिळाली, आता पुन्हा चुकलो तर नोकरी जाईल.

सूट उतरवता उतरवता उद्धवराव म्हणाले, "मी तनुजाचा बाप. पोरगी देणार न्हाई. वर गेल्यावर खाली यायचं इसरतो, त्यो मानूस संसार काय करनार?" मी मान डोलावली, पटलंच होतं. टोपी घालून ते फाटकापर्यंत गेले, तिथून परत आले. "मास्तर, मला शिकायला किती दिस लागतील?"

तुझा,
निरंजन

ता. क. तनुजाचाही नकार आला. मेसेज सभ्य होता : 'तुम्ही चांगले आहात. पण तुमच्याकडून आल्यापासून बाबा जेवताना छताकडे बघतात. घरात असे दोन नकोत.'

आणखी ता. क. खरं काम हे. उद्धवरावांनी आपला आणि तनुजाने तिचा नकार घरात आईला, कौशल्याबाईंना, मुद्दाम सांगितलेला नाही. त्यांचा तुला फोन येईल. बोलणी अजून चालू आहेत असं सांग, कारण पहाटे घराबाहेर पडून माझ्याकडे शिकायला यायला उद्धवरावांकडे दुसरं निमित्त नाही. आज त्यांनी पहिलं वळण स्वतः घेतलं. डावीकडे. फार सुंदर घेतलं, ताई. पावसाळ्यात उड्डाणं बंद होतात, तोवर तरी लग्न मोडू देऊ नकोस.