चिरेवरचा कागद

पेडणे, १२ एप्रिल २०२५

चि. जयरामास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते. देवाच्या खोलीत जमीन चिरलीय. चीर शेणाने बुजवली, चार दिवसांत पुन्हा उघडली, आता भिंतीवर चढलीय. बागायतीतल्या तुझ्या बोअरवेलवर मोरजीच्या हॉटेलांचे टँकर दिवसभर भरतात. आपल्या विहिरीत कळशी तळाला आपटते. खालचं पाणी उपसून नेल्यावर घर कशावर उभं राहायचं, सांग मरे! तुझ्या सिद्धीच्या लग्नाचं देवक याच खोलीत बसायचं, तीस माणसं जमणार. मला धडकी भरलीय.

तुझी शालिनीआक्का

वास्को, १७ एप्रिल

ती. आक्कास जयरामचा वाकून नमस्कार.

तू म्हणजे पाल चुकचुकली तरी गाव गोळा करणारी! मातीचं घर उन्हाळ्यात तडकतंच. तरी बंदरावर आम्ही करतो ते कर. चिरेवर पातळ कागद चिकटव, वर तारीख घाल. फाटला तर चीर वाढतेय, मग देवक इथे हॉलमध्ये बसवू. टँकरवाल्याला मी शब्द दिलाय, त्याच्याशी भांडू नकोस.

तुझ्या ओरड्याची सवय असलेला,
जयराम

पेडणे, २ मे

चि. जयरामास आशीर्वाद.

कागदावर २० एप्रिलची तारीख आहे. शाबूत आहे. खुशाल या.

शालिनीआक्का

वास्को, ५ मे

ती. आक्कास नमस्कार.

बघ, मी म्हणत होतो ना! दहाला येतो. पोरं देवाच्या खोलीतच झोपतील.

जयराम

पेडणे, ७ मे

चि. जयरामास आशीर्वाद, आणि माफी.

मी खोटं लिहिलं. कागद तीनदा फाटला. तिन्ही वेळा खळ लावून नवा चिकटवला आणि जुनीच तारीख घातली. माझं देवक त्या खोलीत कधी बसलं नाही रे. सिद्धीचं तरी बसावं, असं फार वाटलं. पण पोरं तिथे झोपणार हे वाचलं आणि खोटं पुढे रेटवेना. चिरेत आता माझी चार बोटं जातात. देव घेऊन मी वरच्या वाड्यावर भिकाजीकाकांच्या पडवीत आलेय. तिथे खाली जांभ्याचा कातळ आहे. घरात कोणी पाऊल टाकू नका.

तुझी खोटारडी आक्का

वास्को, ११ मे

ती. आक्कास साष्टांग नमस्कार.

काल येऊन पंपाच्या वायरी मी स्वतः काढल्या. शब्द मोडला. तुला तोंड दाखवायची लाज वाटली, तसाच परतलो. खिडकीतून आत बघितलं. चौथा कागदही फाटलाय, त्यावरही वीस एप्रिलच.

सिद्धी म्हणते, आत्या देव घेऊन जिथे बसलीय तिथेच माझं देवक बसेल. भिकाजीकाकांना विचारून ठेव.

राग ठेव, पण मला टाकू नकोस.
जयराम