‘काठोकाठ’ची शिफारस

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९
ठरलं. या वर्षी माझी शिफारस पाटीवर लागणार म्हणजे लागणार.

ही वही फक्त माझ्यासाठी आहे, तरी नियम एकदा लिहून ठेवतो. आमच्या खेळाडूंच्या ग्रुपमध्ये एक्केचाळीस जण. दर रविवारी कुणीही आपला आवडता व्हिडिओ गेम सुचवायचा. तीन जणांनी तो संपवून शेवटच्या स्क्रीनचा फोटो टाकला, की ती शिफारस ग्रुपच्या माथ्यावर चिकटवतात. तिला आम्ही पाटी म्हणतो. अट एकच. सुचवणाऱ्याने गेम स्वतः शेवटपर्यंत खेळलेला हवा.

ग्रुप काढला दाताच्या डॉक्टरांनी, आणि दोन वर्षं पाटीवर त्यांचाच शेतीचा गेम आहे. गाजरं लावायची, गाजरं उपटायची. चार वर्षांत मी त्रेसष्ट शिफारशी केल्या. एकही कुणी संपवली नाही. लोकांची पात्रता हळूहळू वाढवावी लागते, हे माझ्या लक्षात आलं आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार. ऑफिस
लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेण्याचा एक फायदा. मध्ये मध्ये लिहायला वेळ मिळतो.

शिफारस लिहायला घेतली. गेमचं नाव ‘काठोकाठ’. काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी घेऊन चाळीस मजल्यांचा मनोरा चढायचा. कंट्रोलर म्हणजेच वाटी, तो आडवा धरून ठेवायचा. जरा कलला की पाणी सांडतं आणि आपण थेट तळमजल्यावर. माझा सगळ्यात आवडता गेम. सहा वर्षं खेळतोय.

तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलोय. शेवट व्हिडिओत पाहिलाय, तो माणूस गच्चीवर पोचतो आणि वाटी एका रोपाला घालतो. वाटीच्या आतलं दिसत नाही, पण काठोकाठच असणार. सुरुवात मी खेळलोय, शेवट मी पाहिलाय. मध्ये नुसत्या पायऱ्या. म्हणजे तत्त्वतः गेम पूर्ण.

एक बाई सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये अडकल्या होत्या. त्यांना होल्डवर ठेवलं. वाक्य अर्ध्यात सोडलं असतं तर लय गेली असती. चाळीस मिनिटांनी मेकॅनिक पाठवला. बाईंनी साधे आभारही मानले नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार
शिफारस टाकली. आठशे शब्द. शेवटचं वाक्य: ज्याचा हात स्थिर, त्याचंच मन स्थिर. हे मलाच सुचलं यावर विश्वास बसेना.

चार अंगठे. त्यातला एक मी हिच्या, म्हणजे बायकोच्या, फोनवरून दिला. डॉक्टरांनी विचारलं, मधले मजले कसे आहेत. मी लिहिलं, ते शब्दांत सांगण्यासारखं नाही. यात खोटं काही नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
तीन माणसं हवीत. एक्केचाळिसांच्या मागे लागण्यापेक्षा घरचीच तीन धरावीत. ही, साडू आणि कवळी.

कवळी म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. डॉक्टरांच्या लॅबमध्ये बावीस वर्षं कवळ्या बनवतो. मेणात एकेक दात बसवायचा, कोरायचा, मग प्लास्टरचा साचा. आमच्या सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यावर दर रविवारी तोच बसतो. मी सांगेन ते खेळतो, हा त्याचा मोठा गुण. त्रेसष्टपैकी एकोणीस त्याने निदान सुरू तरी केल्या होत्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार
साडूने फोनवर एकच प्रश्न विचारला, बंदुका आहेत का. त्याला यादीतून काढला.

ही खेळली. बहिणीशी फोनवर बोलत, खांद्याशी फोन दाबून, पहिल्याच झटक्यात दुसऱ्या मजल्यावर. मी टीव्ही बंद केला. म्हटलं डोळ्यांना त्रास होतो. तिने विचारलं, चौथा मजला कसा असतो ते एकदा तू दाखव ना. मी म्हटलं, त्याने तुझी मजा जाईल. ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी
कवळी आला. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. तरी बशीत सांडलाच. सहा महिने हे असंच चाललंय. लक्ष नसतं त्याचं.

त्याने आज काहीतरी खाजगी सांगितलं. आवाज अगदी खाली आणून, स्वयंपाकघराकडे बघत. हाताबद्दल होतं. लॅबबद्दलही होतं. कुणाला बोलू नकोस, असं दोनदा म्हणाला. मी मान हलवली. पाटीवर लागल्यावर आभाराचे चार शब्द लिहावे लागतील, ते मी तेव्हा जुळवत होतो.

मग खेळायला बसवला. नको म्हणत होता, पण मी काही ऐकून घेतलं नाही. पहिल्या पायरीला सांडलं. पुन्हा पहिल्या पायरीला. अकरा वेळा. कंट्रोलर असा हलत होता की मला हसू आवरेना. मी मागे उभा राहून व्हिडिओ काढला.

गेला तेव्हा घाम पुसत होता. हिने दारापर्यंत सोडलं. मी व्हिडिओ कापून अठरा सेकंदांचा केला.

१७ फेब्रुवारी, सोमवार. ऑफिस
व्हिडिओ ग्रुपवर टाकला. वर लिहिलं: सराव नसला की असं होतं. शिफारस मनावर घ्या.

अडतीस हसरे चेहरे. चार वर्षांतला माझा उच्चांक.

एकटे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, हात कधीपासून असा आहे. मित्राने उत्तर दिलं नाही तर बरं दिसत नाही, म्हणून मीच लिहिलं, सहा महिने झाले, चहाचा कपही दोन हातांनी धरतो. गंमत म्हणून एक चहाचं चित्रही जोडलं.

कामाच्या वेळात डॉक्टर ग्रुपवर, यावरून त्यांच्या दवाखान्याची अवस्था कळते.

२० फेब्रुवारी, गुरुवार
एकाही माणसाने गेम सुरू केलेला नाही. मित्रांच्या यादीत कोण कुठल्या मजल्यावर आहे ते दिसतं. मी ३. ही २. कवळी तळमजला. तिघांचा ग्रुप काढला असता तर मी पहिला होतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार
कवळीला डॉक्टरांनी कोरीव कामाच्या टेबलावरून उठवलं. अशा हाताने पेशंटच्या तोंडात जाणारी वस्तू करू देता येणार नाही, म्हणाले. तूर्त घरी बस.

वाईट वाटलं. पण दुसऱ्या बाजूनेही बघायला हवं. माणसाची नेहमीची तक्रार असते की खेळायला वेळ नाही. त्याला मेसेज केला: आता वेळच वेळ, पहिल्या मजल्यापासून शांतपणे सुरू कर. पाहिल्याच्या खुणा आल्या. उत्तर नाही. म्हणजे सुरू केलं असणार.

१ मार्च, शनिवार
ही पाच दिवस माझ्याशी फक्त कुकरच्या शिट्ट्यांबद्दल बोलते आहे. आज दुपारी तोंड उघडलं. कवळीच्या घरी जाऊन आली होती. नसांचा आजार आहे, औषधाने फार तर कमी होईल, जाणार नाही. तुला त्याने सांगितलं होतं, म्हणाली. लॅबमधून निवृत्त होईपर्यंत कुणाला कळू नये म्हणून तो जिवाचं रान करत होता, दोन वर्षांचं काम उरलं होतं त्याचं.

मी म्हटलं, त्याने सांगितलं हे खरं, पण महत्त्वाचं आहे असं नव्हतं सांगितलं.

ती उठून आतल्या खोलीत गेली. वाद जिंकूनही घरात कौतुक होत नाही.

२ मार्च, रविवार
सोफ्याचा डावा कोपरा रिकामा. मी उजव्या कोपऱ्यातच बसलो, सवय. एकट्याने खेळताना खोली फार मोठी वाटते. वाईट वाटलं, लिहून टाकतो. पण अपमान त्याचा झालाय की माझा? दोन मेसेज मी केले, उत्तर त्याने दिलं नाही.

९ मार्च, रविवार
आनंदाची बातमी. यादीत कवळी: मजला १.

शेवटी माझ्या शब्दाला मान दिलाच. पाटीसाठीचं भाषण पुन्हा काढलं. त्यात त्याचा उल्लेख घातला: माझ्या एका मित्राचा हात मी या गेमच्या मदतीने सुधारला.

१३ मार्च, गुरुवार
कवळी: मजला २. खेळलेले तास, एकोणचाळीस. मला दुसऱ्या मजल्याला इतके लागले नव्हते. हिने यादी माझ्या खांद्यावरून पाहिली.

१६ मार्च, रविवार
कवळी: मजला ३.

म्हणजे आम्ही बरोबरीत. मित्राची प्रगती पाहून ऊर भरून येतो. छातीत धडधडत होतं, ते त्यानेच.

केवळ गेम नीट चालतो ना हे पाहायला मीही थोडा वेळ बसलो. दुसऱ्या मजल्यावर सांडलं. मग पहिल्या. मग पहिल्या. कंट्रोलर जुना झालाय.

१८ मार्च, मंगळवार. ऑफिस
कवळी: मजला ४.

गेममध्ये बिघाड आहे. कंपनीला तक्रार लिहिली. लिहिताना फोन सतत वाजत होता.

१९ मार्च, बुधवार
कवळी: मजला ११. एका दिवसात सात मजले. ज्या माणसाला चहाचा कप धरता येत नाही. कुणाकडून तरी खेळवून घेत असणार. त्याला मेसेज केला: पाणी सांभाळ, घाई करू नकोस, वरचे मजले फसवे असतात.

या वेळी उत्तर आलं. त्याने विचारलं, कसे फसवे.

मी फोन पालथा ठेवला. कामाच्या वेळात असल्या गप्पा बऱ्या नाहीत.

२१ मार्च, शुक्रवार
२६. नंतर ३३. वरिष्ठांनी बोलावलं होतं. एक म्हातारे गृहस्थ दीड तास लिफ्टमध्ये होते आणि त्यांचा फोन मी होल्डवर ठेवला असं रेकॉर्डिंगमध्ये निघालं. मी सांगितलं, घरी मोठा प्रसंग चालू आहे. कोणता, असं विचारलं. चाळिसावा मजला, असं सांगता येईना.

२३ मार्च, रविवार. दुपारी १
कवळीने फोटो टाकला. शेवटची स्क्रीन. ग्रुपच्या चार वर्षांत माझी शिफारस संपवणारा पहिला माणूस. मी अभिनंदनाचा मेसेज अर्धा लिहिला होता, तोवर त्याचा दुसरा मेसेज आला. मोठा.

त्यात काय होतं ते लिहून ठेवतो, नंतर बोलणं फिरवायला नको.

हात आता ऐकत नाही, सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलंच आहे. म्हणून कंट्रोलरचा प्लास्टरचा साचा बनवला, कवळीचा बनवतो तसाच. त्यात कंट्रोलर घट्ट बसवून साचा टेबलावर सरकवत चढलो. साच्याचं माप कुणालाही हवं तर देईन. पुढे: पहिले तीनच मजले कठोर आहेत. चौथ्या मजल्यावर म्हातारी भेटते आणि सांगते की इथून पुढे सांडलं तर सांडलं, उरेल तेवढं घेऊन वर जा. तिथून कुणी खाली पाठवत नाही. गच्चीवर पोचलो तेव्हा वाटीत चार थेंब होते. रोपाला तेवढे पुरतात. आयुष्यात इतका चांगला गेम खेळलो नाही.

शेवटच्या ओळीत एवढंच: सुचवणाऱ्यानेही एकदा खेळून बघावा.

गेम संपल्यावर सोबतच्या खेळाडूंचे मजले स्क्रीनवर येतात. तेही त्याच फोटोत होते. माझं नाव, सहा वर्षं, मजला ३.

दुपारी १.२०
अडतीस हसरे चेहरे आले होते तेव्हा फोन थरथरला होता. आत्ता एकही आला नाही. मी वाट पाहिली.

म्हातारी. मला काय माहीत म्हातारी आहे ते.

३० मार्च, रविवार. सकाळी
आठवड्यात सात जणांनी गेम संपवला. डॉक्टर, ग्रुपमधला एक औषधवाला, आणि माझा साडू, ज्याला बंदुका हव्या होत्या. हीसुद्धा, बुधवारी, भाजी निवडता निवडता. गाजरं उतरली. पाटीवर ‘काठोकाठ’ लागला.

शिफारस: कवळी. डॉक्टरांनी खाली नियमाची आठवण करून दिली आहे, स्वतः पूर्ण खेळलेलाच गेम सुचवावा. नाव कुणाचं घेतलेलं नाही. त्यांनी कवळीला साचे शिकवायला लॅबमध्ये परत बोलावलंय, नवी मुलं घेतली आहेत म्हणे. माझ्याच गेममुळे ना, असं मी हिला म्हटलं. ती म्हणाली, त्याच्यासमोर जाऊन बोल.

फोन केला. त्याने उचलला, हे लिहायला हवं. मी म्हटलं, पाटी लागली, रविवारी ये. तो म्हणाला, रविवारी आता जमत नाही रे. राग नव्हता आवाजात. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

दुपारी २
हिने टेबलावर खोका ठेवला. कवळीने तिच्याकडे दिला होता. आत प्लास्टरचा साचा. माझ्या जुन्या कंट्रोलरच्या मापाचा, कडा घासून गुळगुळीत, बोटांना खाचा. चिठ्ठी नाही. हलणाऱ्या हाताने केलाय हे सांगूनही खरं वाटू नये. ही साडूकडे निघून गेली. तिथे सगळे जमणार आहेत. मला कुणी नको म्हणालं नाही. ये असंही म्हणालं नाही.

कंट्रोलर बसवला. टेबल पुसलं. पहिला मजला.

दुपारी ४
पहिल्या पायरीला सांडलं. नऊ वेळा.

साच्यात दोष असणार. उलटा करून पाहिला, खिडकीत धरून पाहिला, पट्टी लावून मोजला. अजून सापडलेला नाही.